मुलींनी हेरकथा वाचू नयेत म्हणे!

गेल्या गणपतीत आमच्या घरी एक पुस्तक पकडले गेले. ‘पकडले गेले’ हा शब्दप्रयोग मी समजून-उमजून करते आहे. पुस्तक सापडले, दिसले, हाती लागले असेही म्हणता आले असते. पण ज्या थाटात माझ्या धाकट्या दिरांनी ते दिवाणावरच्या उशीखालून ओढून काढले आणि दोन बोटांत धरून साऱ्या मंडळींना दाखवले, तो थाट मुद्देमाल जप्त करणाऱ्या फौजदाराचाच होता. आरोपी होती माझी नात. वय वर्षे चौदा, इयत्ता नववी.

पुस्तक इंग्रजी. ॲली कार्टर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००६ साली निघाली आणि पुढे २०१३ पर्यंत तिचे एकूण सहा भाग झाले. भावजींनी तिच्या नावाचा तिथल्या तिथे मराठी तर्जुमा केला : ‘तुझ्यावर माझे प्रेम आहे असे सांगितले असते, पण मग तुला ठार मारावे लागले असते.’ प्रेम आणि खून, दोन्ही एकाच वाक्यात, आणि तेही ऐन गौरीच्या दिवशी! जाऊबाईंच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला.

“वहिनी, तुम्ही शाळेत शिकवत होतात ना?” भावजी मला म्हणाले. “मग तुमच्या डोळ्यांदेखत हे घरात येतंच कसं? मुलीच्या जातीला हेरगिरीची पुस्तकं कशाला हवीत? खोटं बोलायला शिकायला?”

पुस्तक कपाटावर, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यावर, जाऊन पडले. नात काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेने मला या लेखाला बसवले आहे.

वाद घालायचा तर आधी वाचले पाहिजे, ही माझी जुनी खोड. तेहतीस वर्षे मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवल्यावर ती सुटेल अशी आशा नाही. त्या रात्री सगळे निजल्यावर मी स्टुलावर चढले आणि पुस्तक काढले. बहात्तराव्या वर्षी स्टुलावर चढणे हे एक साहसच आहे. हेरकथेचा परिणाम वाचण्याआधीच सुरू झाला म्हणायचा! तीन रात्रींत ते वाचून संपवले. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांनी त्याविषयी मत देऊ नये, एवढी माझी पहिली अट आहे. या अटीत भावजी बसत नाहीत. आमच्या घरातले अन्य कोणीही बसत नाही.

आता कथा ऐका. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका लहानशा गावी मुलींची एक निवासी शाळा आहे. गावकऱ्यांना वाटते, इथे श्रीमंतांच्या गर्विष्ठ मुली शिकतात. वस्तुतः ती हेरखात्यात जाणाऱ्या मुलींची शाळा आहे. जेवणघराबाहेर पाटी असते : आज जेवताना अमुक भाषेतच बोलायचे. टिपणे काढण्यासाठी असा कागद की जिभेवर ठेवला की विरघळून जावा. नायिका कॅमी मॉर्गन ही गर्दीत कोणाच्याही लक्षात न येण्याच्या कलेत इतकी तरबेज की मैत्रिणी तिला सरडा म्हणतात, म्हणजे रंग बदलून भोवतालात मिसळून जाणारी. तिची आईच शाळेची मुख्याध्यापिका. वडील हेरखात्याच्या कामगिरीवर गेले आणि परत आले नाहीत. त्यांचे नेमके काय झाले हे मुलीला ठाऊक नाही. रविवारी रात्री आई आणि मुलगी एकत्र जेवतात, आईचा स्वयंपाक बेताचाच असतो, आणि ज्या एका गोष्टीविषयी दोघींना बोलायचे असते ती सोडून बाकी सगळे बोलणे होते. मला विचाराल तर त्या कादंबरीतली खरी हेरगिरी त्या जेवणाच्या टेबलावरच चालते.

मग गावच्या जत्रेत एका शिक्षकावर पाळत ठेवण्याचा पाठ चालू असताना गावातल्या एका साध्या मुलाची नजर नेमकी तिच्यावर पडते. जिला कोणी पाहू शकत नाही तिला हा पाहतो! ती त्याला आपल्याविषयी खोटे सांगते, आणि एकदा सांगितलेले खोटे टिकवण्यासाठी दहा खोटी रचावी लागतात हे आपल्या आजीबाई सांगत आल्या तसेच तिचेही होते. अखेर ते उघडे पडते आणि त्याची किंमत तिला मोजावी लागते. झाली कथा. खून म्हणाल तर नावात आहे तेवढाच. ‘सांगितले असते, पण मग तुला मारावे लागेल’ हे इंग्रजी हेरपटांतले घासून गुळगुळीत झालेले वाक्य. लेखिकेने त्याची थट्टा केली आहे. थट्टेचा तर्जुमा करून तिला गुन्हा ठरवणे सोपे असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : हे आपल्या संस्कृतीत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी संस्कृतीचे पहिले पान तरी उघडावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमेचे सूक्त आहे. पणींनी गाई लपवून ठेवल्या, त्या शोधायला इंद्राने धाडली ती सरमा. ती रसा नदी ओलांडून एकटी शत्रूच्या मुलखात जाते. पणी तिला म्हणतात, तू आमची बहीण हो, परत जाऊ नकोस, गाईंत तुला वाटा देतो. ती ते नाकारते. एकटीने जाणे, शोध लावणे, लाच झिडकारणे हे हेराचे तिन्ही गुण आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात एका स्त्रीरूपाच्या ठायी आहेत. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार मोजताना परिव्राजिकेला, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या संन्यासिनीला, स्वतंत्र स्थान दिले आहे. कारण तिला राजवाड्याच्या आतल्या दालनांतही अटकाव नसे. तेव्हा संस्कृतीची सबब इथे चालायची नाही.

दुसरा आक्षेप : असल्या गोष्टी मुलग्यांना शोभतात, मुलींना नव्हे. हा आक्षेप कोणी हल्ली उघड मांडत नाही, पण पाळतात मात्र सगळे. माझ्या लहानपणी दादा गावच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणीत असे. झुंजार, काळापहाड ही नावे आमच्या घरात पाहुण्यांसारखी वावरत. दादाने वाचले तर वडील म्हणत, “मुलगा आहे, वाचायचाच.” मी वाचले तर आई म्हणे, “निवडायचे तांदूळ तसेच पडलेत.” मी तांदूळ निवडता निवडता ताटाखाली पुस्तक ठेवून वाचत असे. पुढे आमच्या मुलांच्या वाट्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. फुरसुंगीचा तो किडकिडीत पोरगा सायकलीवरून कुठे कुठे पोचे! माझ्या मुलाने आणि मुलीने त्याची पुस्तके भांडून भांडून वाचली. भागवतांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण तेव्हा माझी मुलगी एकदा म्हणाली होती, “आई, खेळताना मी कोण व्हायचं? फेणे तर हाच होतो.” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस-पस्तीस वर्षे झाली. तिच्या भाचीला ते उत्तर अमेरिकेतून मागवावे लागले, याचा राग भावजींना यायला हवा होता. आला भलत्याच गोष्टीचा.

आणि खऱ्या जगात मुलींनी हे केले नाही असे तरी कुठे आहे? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातल्या ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम चाले. तिथल्या कर्मचाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळजणी विशीच्या आतबाहेरच्या मुली. १९७४ च्या सुमारास ते गुपित जगापुढे आले, तोवर जवळजवळ तीस वर्षे त्यांनी आपल्या नवऱ्यांनाही ते सांगितले नव्हते. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्या पुरुषांच्या शेजारीच त्या तीस वर्षे संसार करीत होत्या! आपल्या मुंबईत १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता या बावीस वर्षांच्या मुलीने सहकाऱ्यांबरोबर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा बदलीत बदलीत तो नोव्हेंबरापर्यंत चालला आणि पकडले गेल्यावर तिने चार वर्षांची शिक्षा भोगली. गोव्याच्या मुक्तीसाठी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत पश्चिम घाटातल्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. ही काही कादंबरीतली पात्रे नव्हेत. २०२५ साली लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून तो शेवटी घेते. हेरकथा खोटे बोलायला शिकवते. भावजींचा खरा रोख इथेच होता, आणि खरे सांगायचे तर घरातल्या बायकांनाही तो पटला होता. याचे उत्तर मी पुस्तकातून देणार नाही, माझ्या आयुष्यातून देते. हे मी आजवर लिहिले नव्हते.

मी चौदा वर्षांची असताना एक वही लिहीत असे. तीत काही विशेष नव्हते. वर्गातल्या बाईंची साडी, मैत्रिणीशी झालेले भांडण, पावसावर चार ओळी, आणि समोरच्या घरातला एक मुलगा बासरी वाजवी त्याचा उल्लेख. दोन ओळींचाच उल्लेख, पण होता. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना ती वही ट्रंकेत सापडली. त्यांनी ती संध्याकाळी माजघरात सर्वांपुढे मोठ्याने वाचली. कोणी हसले, कोणी हसले नाही. वडील उठून बाहेर गेले. मला मारले नाही, रागावलेही नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून समोरच्या बाजूची खिडकी लावून घेण्यात आली आणि मला शाळेत सोडायला दादा येऊ लागला.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. वही लिहिणे सोडले, आणि खोटे बोलणे धरले. मैत्रिणीकडे जायचे असले की देवळात जाते म्हणून सांगे. वाचनालयात जायचे असले की शिवणाच्या वर्गाला जाते म्हणे. इतके सफाईने, इतके निर्विकार चेहऱ्याने, की कॅमी मॉर्गनच्या शाळेने मला थेट वरच्या वर्गात घेतले असते. वाचकहो, मला हे कोणत्या कादंबरीने शिकवले? अर्नाळकरांनी? मुळीच नाही. मला खोटे बोलायला पाळतीने शिकवले. ज्या घरात मुलीचे खरे उघडे पाडून त्याची जत्रा केली जाते, त्या घरात ती खरे सांगणे सोडून देते. यासाठी तिला पुस्तक वाचावे लागत नाही. त्यानंतर आजतागायत मी स्वतःविषयी एक ओळ लिहिलेली नाही. हा लेख पहिला.

आता आजच्या घराकडे या. माझा मुलगा सुशिक्षित आहे, प्रेमळ आहे, मुलीच्या शिक्षणासाठी हाडाची काडे करतो. त्याच्या मोबाइलमध्ये अशी सोय आहे की मुलगी या घटकेला कुठे आहे हे त्याला नकाशावर ठिपक्याच्या रूपाने दिसते. शिकवणीचा वर्ग सुटून ठिपका दहा मिनिटे हलला नाही की घरात फोन वाजतो. रात्री ती निजल्यावर तिचा फोन तपासला जातो, हे मला ठाऊक होते. तिला ठाऊक आहे की नाही, हे मी कधी विचारले नव्हते. शेजारच्या काकू खिडकीतून तिची येण्याजाण्याची वेळ पाहतात आणि सूनबाईंना कळवतात. उशीखाली काय आहे हे तिचे धाकटे आजोबा पाहतात. एका चौदा वर्षांच्या पोरीभोवती एवढे हेरखाते उभे करून मग तिच्या हातात हेरकथा दिसली म्हणून आपण दचकतो! अहो, त्या घरात हेर नसलेली व्यक्ती एकच होती, आणि तिच्याच हातातले पुस्तक जप्त झाले.

पुस्तक वाचून झाल्यावर मी ते नातीला परत दिले आणि तिला विचारले, “तुला यातलं काय नाही आवडलं?” काय आवडले हे मुद्दामच विचारले नाही. शिक्षकांना आवडेल ते उत्तर मुले तयार ठेवतात.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं आजी, कॅमी आणि तिच्या मैत्रिणी त्या मुलाच्या घरचा कचरासुद्धा उपसतात बघ. तो कोण, त्याच्या घरी कोण कोण, सगळं शोधून काढतात. पुस्तकात ते गमतीनं लिहिलंय. पण तो काही देशाचा शत्रू नव्हता. त्याला सरळ विचारायचं होतं ना.”

“आणखी?”

“बाबा माझा फोन बघतात तेव्हा मला तसंच वाटतं. मी झोपलेली नसते गं. डोळे मिटून पडलेली असते.”

मला सांगा, कोणत्या संस्कारमालेतल्या पुस्तकाने तिला एवढे नेमके शिकवले असते? पाळत शत्रूवर ठेवायची असते, आपल्या माणसाला विचारायचे असते. चौदा वर्षांच्या मुलीने हा विवेक ‘खोटे बोलायला शिकवणाऱ्या’ पुस्तकातून काढला. आणि लेखिकेने जिथे नुसती गंमत केली तिथे ही बिचकली, म्हणजे तिने ते पुस्तक डोळे मिटून गिळलेले नाही. वाचन म्हणतात ते याला. न वाचणाऱ्याला हे समजावून सांगणे कठीण.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही कादंबरी थोर साहित्य आहे असे माझे म्हणणे नाही. ती चटकदार आहे, गमतीदार आहे, आणि सुबक बांधलेली आहे. पण तिच्यात हेरगिरी म्हणजे एक झगमगीत खेळ वाटतो. वाड्याच्या पोटात लपलेल्या प्रयोगशाळा, गुप्त भुयारे, आणि संकट कितीही आले तरी पुढच्या भागात नायिका आहेच. खरी हेरगिरी तशी नसते. ती विलक्षण एकाकी असते आणि तिचा शेवट पुष्कळदा कोणाला कळतही नाही. माझा भावजींशी वाद आहे तो हा की, पुस्तक अपुरे असेल तर त्यावर उपाय कपाट नव्हे. उपाय म्हणजे पुढचे पुस्तक.

म्हणून मी नातीला नूर इनायत खान हिची हकीकत सांगितली. नूरचे वडील हजरत इनायत खान हे १८८२ साली बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबख्श हे गायकवाडांच्या बडोद्यातले नामांकित संगीतज्ञ. घराण्याचे नाते थेट टिपू सुलतानापर्यंत सांगितले जाते. नूर वाढली पॅरिसजवळ. तिचा पिंड लेखिकेचा, आणि तोही मुलांसाठी लिहिणारीचा. जातककथा तिने मुलांसाठी इंग्रजीत सांगितल्या. ते पुस्तक १९३९ साली निघाले. दुसऱ्यांसाठी स्वतःचा जीव देणाऱ्या प्राण्यांच्या त्या गोष्टी.

युद्ध आले. नूर इंग्लंडात गेली, बिनतारी संदेशांचे काम शिकली आणि १९४३ च्या जूनमध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. संदेशयंत्र चालवण्यासाठी त्या खात्याने तिथे धाडलेली ती पहिली स्त्री. तिला शिकवणाऱ्यांपैकी काहींना ती या कामाला योग्य वाटत नव्हती. फार हळवी, फार सरळ. ती पोचते न पोचते तोच पॅरिसमधले तिचे सहकारी एकामागून एक पकडले गेले. तिला परत येण्यास सुचवण्यात आले. ती आली नाही, कारण मागे संदेश पाठवणारे दुसरे कोणी उरले नव्हते. यंत्राची पेटी घेऊन जागा बदलीत बदलीत तिने साडेतीन महिने काढले. ऑक्टोबरमध्ये फितुरी होऊन ती पकडली गेली. तिने निसटण्याचे प्रयत्न केले, ते फसले. मग जर्मनीतल्या तुरुंगात महिनोन्‌महिने बेड्या, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत आणखी तिघींबरोबर मृत्यू. वय तीस. १९४९ साली इंग्लंडने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. त्या खात्याने फ्रान्समध्ये धाडलेल्या एकोणचाळीस स्त्रियांपैकी तेरा जणी परत आल्या नाहीत.

हे सांगताना एक तपशील मी गाळणार होते, पण गाळला नाही. नूरने पाठवलेल्या संदेशांच्या प्रती एका वहीत जपून ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या आधारे त्यांनी तिच्या नावाने इंग्लंडला खोटे संदेश धाडले. त्यामुळे आणखी माणसे बळी पडली. नात ऐकत होती. तिने विचारले, “आजी, मग तिची चूक होती?” मी म्हटले, “होय, चूक होती. शूर माणसांच्याही हातून चुका होतात.” ती म्हणाली, “पण वही ठेवावीशी वाटते गं.” मला माझी ट्रंक आठवली. मी तिला काही सांगितले नाही. आता छापून आल्यावर ती वाचेल.

यानंतर तिने आपणहून एलिझाबेथ वाइन यांची २०१२ साली प्रसिद्ध झालेली ‘कोड नेम व्हेरिटी’ मिळवली. तीत दोन मैत्रिणी आहेत, एक वैमानिक, दुसरी हेर. हेर फ्रान्समध्ये पकडली जाते आणि शत्रूसाठी कबुलीजबाब लिहू लागते. त्यातले खरे किती आणि खोटे किती हे वाचकाला फार उशिरा कळते. ते वाचून ती एक दुपारभर कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसली एवढेच. झगमगीत खेळापासून इथवर ती दोन महिन्यांत आली. पहिले पुस्तक कपाटावर राहिले असते तर दुसऱ्यापर्यंत ती पोचली असती का?

आता माझा रोख लेखक-प्रकाशकांकडे वळवते. दिवाळीसाठी पुस्तके घ्यायला मी दुकानात गेले आणि म्हटले, “चौदा-पंधरा वर्षांच्या मुली नायिका आहेत अशी मराठीतली साहसकथा दाखवा.” दुकानदार भला माणूस. त्याने काउंटरवर गठ्ठा ठेवला. त्यात थोर स्त्रियांची चरित्रे होती, आदर्श मुलींच्या बोधकथा होत्या, स्पर्धा-परीक्षेची पुस्तके होती. साहसकथाही होत्या, पण त्यांतले धावणारे मुलगे होते आणि मुली असल्याच तर त्या डबा आणि बॅटरी धरून मागे उभ्या होत्या. अपवाद असतील. ते असतील तर दुकानदाराला ठाऊक नाहीत, म्हणजे मुलींनाही ठाऊक नाहीत. बहिर्जी नाईकांच्या मराठीत, मुंबईतल्या गुप्त रेडिओच्या मराठीत, गोव्याच्या जंगलाला लागून असलेल्या मराठीत, मुलीला हेर होण्यासाठी व्हर्जिनियाला जावे लागावे, ही नामुष्की कोणाची? मुलींची खचित नव्हे.

तुम्ही म्हणाल, काळ वाईट आहे. माझा मुलगाही हेच म्हणाला. मी त्याच्याशी बोलले तेव्हा तो चिडला नाही. त्याचा चेहरा उतरला. “आई, रोज पेपरात काय काय येतं, तू वाचतेस ना? मला झोप लागत नाही,” असे म्हणाला. त्याची भीती खोटी नाही आणि तिची थट्टा मी करणार नाही. मुलीला सांगून-सवरून, दोघांनी ठरवून ठेवलेला नकाशावरचा ठिपका ही काळजी आहे. ती निजल्यावर चोरून उघडलेला फोन ही पाळत आहे. दोहोंतला फरक त्याच्या मुलीला एका करमणुकीच्या कादंबरीतून कळला. बापाला तो कळायला आईची रदबदली लागली. त्याने दुसऱ्या दिवशी मुलीला समोर बसवून सांगितले की मी तुझा फोन पाहत असे. तिने विचारले, “आता?” तो म्हणाला, “आता विचारीन.” ठिपका अजून आहे. त्यावर दोघांचे बोलणे चालू आहे. कधी कधी आवाज चढतात. पण निदान ती डोळे मिटून पडलेली नसते.

तेव्हा भावजी, हा लेख तुम्ही वाचालच, कारण या अंकाचे तुम्ही जुने वर्गणीदार आहात. भाऊबीजेला तुम्ही आमच्याकडे येता. यंदा याल तेव्हा ते पुस्तक दिवाणावर, उशीच्या वर, उघडे ठेवलेले असेल. चकल्यांची बशी शेजारी असेल. आधी पुस्तक वाचा आणि मग भांडायला बसा. तुमची नात तुमच्याशी भांडायला तयार आहे. मी तिला मदत करणार नाही. तिला गरज पडेल असे वाटत नाही.

आणि या अंकाच्या इतर वाचकांना एवढेच सांगणे : फराळाच्या धांदलीत घरातली मुलगी कोपऱ्यात काही वाचीत बसलेली दिसली, तर पुस्तक ओढून घेऊ नका. ते तिच्यानंतर मागून घ्या.